आरोपी क्रमांक पाच

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीत कोण सापडलं, कुठल्या खुनाचा तपास कुणी केला, हे सांगताना माझा गोंधळ होतो. या एका प्रकरणात मात्र तसं होत नाही. त्यातली माणसं कुठे बसली होती, कोण काय बोललं, सगळं जसंच्या तसं समोर येतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडूज आणि म्हसवडच्या मधला तो कोरडा पट्टा. ठाणं लहान, हद्द मोठी, माणसं कमी. कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. ज्या औषधाबद्दल हे सगळं आहे त्याचंही नाव लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की मोठ्या ऑपरेशननंतर किंवा हाड मोडल्यावर असह्य वेदना थांबवायला डॉक्टर जे अफूच्या जातीचं इंजेक्शन देतात, त्यातलं ते एक.

दसरा होऊन आठवडा झाला होता. बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी असते, कारण तालुक्याला आलोच आहोत तर तक्रारही देऊन जाऊ असा लोकांचा हिशेब असतो. बाकावर एक म्हातारा सकाळपासून बसून होता. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, तर म्हणाला, "मोठ्या सायबालाच सांगनार." मेंढरांच्या पायवाटेची भांडणं आमच्याकडे रोजची. तसलंच काही असेल म्हणून मी त्याला दुपारपर्यंत बसवून ठेवलं.

आत आला तेव्हा त्याने घोंगड्यातून एक पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. काचेच्या फोडलेल्या कुप्या आणि वापरलेल्या सिरिंजा. प्रत्येक कुपीवरची चिठ्ठी खरवडून काढलेली.

"कुठं सापडल्या?"

"वढ्याच्या कडंला. मेंढीच्या खुरात सुई घुसली माज्या. म्हनून बगितलं, तर ढीग हाय नुसता."

मी कुप्या उलटसुलट करून बघत होतो. माझ्या शेजारी आमचे हवालदार उभे होते. ते स्वतः मेंढपाळ घरातले. बारा वर्षांचे होईपर्यंत वडिलांबरोबर कळपामागे हिंडलेले. ते कुप्यांकडे बघतच नव्हते, म्हाताऱ्याकडे बघत होते.

"आबा," ते म्हणाले, "मेंढीचं ऱ्हाऊ द्या. घरातलं कोन हाय?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "पोरगं."

एकुलता एक मुलगा. सांगलीजवळ कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत सळई टाकली. दुखणं थांबायला इंजेक्शन दिलं. पाय जुळला, पण इंजेक्शन सुटलं नाही. काम गेलं. मुलगा घरी आला तो ते घेऊनच.

"आता कुठून मिळतं त्याला?"

म्हाताऱ्याने तालुक्यातल्या एका दुकानाचं नाव सांगितलं. मला आधी खरं वाटेना. ते दुकान जनावरांच्या औषधांचं होतं. पेंड, भुसा, जंताचं औषध, गोचिडाची पावडर. मेंढपाळ तिथून सिरिंजा मूठभर घेऊन जातात, कारण मेंढरांना लस टोचायचं काम ते स्वतःच करतात. त्या दुकानातून कुणी सुया नेल्या तर कुणाला काय वाटणार?

उठताना म्हातारा टेबलाला धरून उभा राहिला. "सायब, ह्यात माजं पोरगं घावंल. त्येला धरू नका. त्येला बरं करा. बाकी कुनालाबी धरा."

मी म्हणालो, "त्याचं मी बघतो, आबा. माझ्यावर भरवसा आहे का?"

"व्हय," तो म्हणाला आणि गेला.

"मी बघतो." पोलिसांच्या तोंडात हे शब्द दिवसातून दहा वेळा येतात. समोरचा माणूस उठून जावा म्हणून आम्ही ते वापरतो. समोरचा ते घरी घेऊन जातो, हे आमच्या लक्षात येत नाही.

अमली पदार्थांच्या कायद्यात खबर लेखी घ्यावी लागते, वरिष्ठांना कळवावी लागते, झडतीला राजपत्रित अधिकारी लागतो. ते सगळं केलं. म्हाताऱ्याची नोंद 'गुप्त बातमीदार' अशी केली. दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि नायब तहसीलदार घेऊन आम्ही दुकानात शिरलो.

दुकानदार पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा माणूस. गावात त्याला मान. मेंढी अडली की रात्री-अपरात्री फोन उचलतो, अशी त्याची ख्याती. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि मागायच्या आत गोदामाच्या किल्ल्या हातात ठेवल्या. एक गोष्ट मी नोकरीत पुष्कळदा पाहिली आहे. ज्याच्याकडे काही नसतं तो झडतीला आलेल्या पोलिसावर चिडतो. ज्याच्याकडे असतं आणि ते आज नाही हे ज्याला ठाऊक असतं, तो मदत करतो. हा माणूस फार मदत करत होता.

काही सापडलं नाही. शून्य पंचनामा करून आम्ही परत आलो.

मग मी म्हाताऱ्याच्या मुलाला बोलावलं. तो स्वतःहून आला, बापाबरोबर. वय सव्वीस. एका पायाने लंगडत होता. ऑक्टोबरचं ऊन असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. सारखा जांभया देत होता, नाक पुसत होता, खुर्चीत नीट बसत नव्हता. मला वाटलं खोटं बोलायची तयारी चालली आहे. हवालदारांनी मला बाहेर बोलावलं.

"सायब, ह्यो घाबरलेला न्हाई. ह्येला औषध मिळालेलं न्हाई. जरा चहा पाजूया, लय गोड करून. मग बोलंल."

चहा पाजला. हवालदारांनी आधी मेंढरांच्या गोष्टी काढल्या. किती आहेत, यंदा कळप चराईला खाली कधी नेणार, कुत्री कोणती. मुलगा हळूहळू बोलायला लागला.

"सायब, मौजंसाठी न्हाई केलं," तो म्हणाला. "मी दारू बी पीत नव्हतो. ठेकेदाराकडं काम. बसून ऱ्हायलो तर दुसरा गडी घेतो म्हनला. पाय तर टेकवत नव्हता. मित्रानं एक गोळी दिली. कामावरचे निम्मे जन घेत्यात म्हनला, डबल ड्यूटी मारायला. गोळी घेतली की आठ तास उभं ऱ्हाता यायचं. मग गोळीनं भागंना. मग सुई."

"गावाकडं आल्यावर?"

त्याने बापाकडे पाहिलं. बाप भिंतीला टेकून उभा होता.

"सांग," म्हातारा म्हणाला.

"माजा हात कापायचा. मला शीर घावायची न्हाई. मग बा टोचायचा."

मग म्हातारा स्वतःच बोलला. "दुकानदार म्हनला, पायाच्या दुखन्याचं औषध हाय, दवाखान्यातलंच. मी आनायचो. रोज सांच्याला टोचायचो. मेंढरांना टोचून टोचून माजा हात हलका हाय. पोरगं गप झोपायचं. मला बरं वाटायचं, दुखनं थांबलं म्हनून. दोन महिनं मीच टोचलं, सायब."

कुठल्याही आरोपीने दिलेला कबुलीजबाब इतका माझ्या अंगावर आलेला नाही. आणि हा माणूस आरोपी नव्हता.

मुलाकडून कामाची माहिती एवढीच मिळाली, की माल फक्त शनिवारी असतो. शुक्रवारी मागितलं तर दुकानदार नाही म्हणतो. शनिवारी दुपारनंतर गेलं तर देतो. तो कशातून येतो, कुठे ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं. रविवारपर्यंत सगळा संपलेला असतो. आम्ही गेलो होतो गुरुवारी.

पुढच्या शनिवारी हवालदार साध्या कपड्यात, डोक्याला मुंडासं बांधून दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. दुपारी त्यांचा फोन आला.

"सायब, सांगलीकडनं वडापची जीप आली, शिटा भरून. थर्माकोलची चार खोकी उतरली. वर लिवलंय मेंढ्यांची लस, आंत्रविषाराची."

"मग? जनावरांच्याच औषधांचं दुकान आहे ते."

"आवं सायब, ती लस पावसाच्या तोंडाला देत्यात. कवळं गवत खाऊन मेंढरं मरू नयेत म्हनून. आता दसरा झाला. निम्मे कळप खाली जायच्या तयारीत हायेत. चार खोकी लस कोन घेनार? आनि मागच्या शनवारी बी चार आली व्हती, टपरीवाला सांगतोय."

हे मला कळलं नसतं. पोलीस अकादमीत हे शिकवत नाहीत. बारा वर्षांचं पोर म्हणून कळपामागे हिंडलेल्या माणसालाच ते कळलं.

आम्ही तासाभरात छापा घातला. या वेळी जिल्ह्याहून औषध निरीक्षकही सकाळीच येऊन थांबले होते. खोकी उघडली. वर बर्फाच्या पिशव्या, त्याखाली लसीच्या बाटल्यांचा एक थर, त्याखाली कुप्याच कुप्या. माणसांच्या. प्रत्येकीवरची चिठ्ठी खरवडलेली. दुकानदाराने या वेळी चहा मागवला नाही. आधी म्हणाला, "मला काय माहीत, वरून पॅक होऊन येतं." मग खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी त्याने कुपवाडच्या गोदामाचा पत्ता दिला. सांगलीच्या पोलिसांना बरोबर घेऊन तिथेही छापा झाला. गोदामवाल्याचा औषधविक्रीचा परवाना आधीच रद्द झालेला होता. तिथून हा माल चार-पाच तालुक्यांत जात होता. कुठे पेंडीच्या पोत्यातून, कुठे लसीच्या खोक्यातून.

इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. मी इथेच थांबलो असतो तर ही आठवण लिहायची गरज पडली नसती.

वरिष्ठांचा फोन आला. अभिनंदन केलं आणि विचारलं, "आरोपी किती?"

"तीन, सर. दुकानदार, गोदामवाला, जीपचा ड्रायव्हर."

"एवढेच? आणि गिऱ्हाइकं? घेणारेही गुन्हेगारच आहेत ना? उद्या पत्रकार परिषद आहे. टोळी म्हणून सांगायचं तर टोळी दिसायला पाहिजे."

त्यांनी हुकूम दिला नव्हता. नुसतं विचारलं होतं. हुकूम असता तर मी आज त्याच्या आड लपलो असतो. मी फोन ठेवला आणि ओढ्याच्या काठी बसणाऱ्या पोरांची यादी काढली. पाच जण. त्यांत म्हाताऱ्याचा मुलगा होता. त्याने आपल्यातल्या दोन कुप्या एकदा मित्राला दिल्या होत्या. ते त्यानेच मला चहा पिताना सांगितलं होतं. कायद्याच्या भाषेत देणं म्हणजे पुरवठा. मी त्याला आरोपी क्रमांक पाच केलं.

हवालदार टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सायब, म्हाताऱ्याला शब्द दिलाय आपन."

"पुरावा आहे तसं लिहावं लागतं," मी म्हणालो.

ते सॅल्यूट करून गेले. त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत ते कामाशिवाय माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मुलाच्या घराची झडती झाली. एक जुनी सिरिंज सापडली. बाकी काही मिळून आलं नाही, असा पंचनामा माझ्या सहीचा आहे. दुसऱ्या दिवशी टेबलावर मुद्देमाल मांडून, मागे आठ जणांना काळे बुरखे घालून उभं करून फोटो काढले. आवाराच्या फाटकापाशी म्हातारा उभा होता. बुरखे घातलेली आठ माणसं गाडीकडे निघाली, त्यांतला एक लंगडत होता. म्हाताऱ्याला बुरखा काढून बघायची गरज पडली नाही.

तो माझ्याकडे आला. ओरडला नाही. "सायब, तुमी बगतो म्हनला व्हता."

"कायद्यापुढे माझं काही चालत नाही, आबा."

हे खोटं होतं. व्यसनी माणूस उपचाराला तयार असेल तर त्याला खटल्याऐवजी उपचाराला पाठवता येतं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. ती मला पाठ होती. हा मुलगा तर बापाचा हात धरून स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला होता. याहून अधिक तयारी ती काय असते? पण त्याला अर्ज लागला असता, वेळ लागला असता, आणि उद्याच्या वर्तमानपत्रात आठाऐवजी सात आले असते.

कोठडीत दुसऱ्या दिवशी त्या पोरांचे हाल सुरू झाले. मी नशेची माणसं पाहिली होती, नशा तुटलेली माणसं इतक्या जवळून पाहिली नव्हती. उलट्या, जुलाब, अंगभर काटा, गुडघे पोटाशी घेऊन लादीवर लोळणं. आमचा पहाऱ्याचा शिपाई म्हणाला, "नाटक करत्यात." मीही आधी तेच म्हणालो असतो. ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या, नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांनी प्रत्येकाला नीट तपासलं, औषध दिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, हे आता तुरुंगात जातील. तिथे महिना-दोन महिने यांचं सगळं बंद राहील. मग शरीराची सवय मोडते. पण डोक्यातली ओढ जात नाही. बाहेर आल्यावर हे आधी घेत होते तेवढंच घेतात, आणि तेवढं आता शरीर सोसत नाही. श्वास थांबतो. सुटल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. जामीन झाला की मला कळवा. मी घरच्यांशी बोलते, पुढचे उपचार लावून देते. विसरू नका."

"नक्की कळवतो," मी म्हणालो. त्यांनी तेच एका कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी वैद्यकीय तपासणीच्या कागदांना टाचणी लावून जोडला. गठ्ठ्यात गेलेला कागद पुन्हा कुणी वाचत नाही. मला ते ठाऊक होतं.

चाळीस-पंचेचाळीस दिवस गेले. म्हसवडच्या यात्रेच्या बंदोबस्ताला आमच्या ठाण्यातली निम्मी माणसं गेली होती, मीही गेलो होतो. वाहनतळ, गर्दीचा रस्ता, रथापुढचे दोर. परत आलो तेव्हा टेबलावर टपाल साचलं होतं. त्यात जामिनाच्या आदेशाच्या प्रती होत्या. मी प्रत्येकीवर 'पाहिले' असं लिहून सही केली. एक एक करून सगळ्यांवर. आरोपी क्रमांक पाच सुटून तेव्हा चार दिवस झाले होते. रुग्णालय ठाण्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. टेबलावर फोन होता.

दोन दिवसांनी दुपारी खबर आली. अकस्मात मृत्यू.

त्यांच्या घरामागे जाळीचा वाडा होता, मेंढरं कोंडायचा. मुलगा त्याच्या कडेला घोंगड्यावर आडवा होता. चेहरा निळसर पडला होता. झोपल्यासारखाच वाटत होता. बाजूला एक कुपी होती, चिठ्ठी खरवडलेली. आमच्या झडतीत न सापडलेली. म्हातारा सांगत होता, "पाच-सहा दिस चांगला व्हता. जेवला. कोकराला दूध पाजलं. आज सकाळी म्हनला, बा, पाय लय दुकतोय, जरा पडतो. मी मेंढरं सोडली. आलो तर असाच आडवा. घोरत व्हता, म्हनून मी उठवला न्हाई. निवांत झोपलाय म्हनलं. मग घोरायचा थांबला."

डॉक्टर बाईंनी शवविच्छेदन केलं. बाहेर आल्या, हातमोजे काढले. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "जामीन कधी झाला होता?"

मी सांगितलं. त्या परत आत गेल्या.

म्हाताऱ्याचा जबाब मीच लिहून घेतला. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण सांगवेना. तो समोर बसला, विचारलं तेवढं सांगत गेला. अंगठा उठवायच्या आधी थांबला.

"सायब, त्या डाक्टरीन बाई रडत व्हत्या आत. मला म्हनल्या, तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. काय सांगायचं ऱ्हायलं व्हतं?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. पण मी सांगितलं. की बाहेर आल्यावर आधीइतकं घेतलं तर श्वास थांबतो. की ते घोरणं झोपेचं नसतं. की त्याला त्या आठवड्यात एकटं सोडायचं नव्हतं. आणि हे मला माहीत होतं, बाईंनी लिहून दिलं होतं.

म्हाताऱ्याने शाईचा अंगठा कागदावरून मागे घेतला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मी बसलो असतो की त्याच्यापाशी," तो म्हणाला. "मेंढरं काय, एक दिस उपाशी ऱ्हायली असती."

मग त्याने अंगठा उठवला आणि शाई घोंगड्याला पुसून निघून गेला. त्याने माझ्याविरुद्ध कधी अर्ज केला नाही. त्याने करावा, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. चौकशी झाली असती, काही शिक्षा झाली असती, आणि प्रकरण कुठेतरी संपलं असतं.

खटला काही वर्षांनी उभा राहिला. छाप्याच्या दिवशी नमुने बर्फाच्या खोक्यातून काढून तसेच ओले लिफाफ्यात घातले गेले होते. लाखेचं सील सुटलं होतं, पंचांच्या सह्या पाण्याने पसरल्या होत्या. बचावाच्या वकिलाने ते लिफाफे हातात धरून न्यायालयाला दाखवले. एक पंच फुटला. दुकानदार आणि गोदामवाला, दोघेही संशयाचा फायदा मिळून सुटले. न्यायालयाची चूक नव्हती. घाई आमची होती; लिफाफे वाळू द्यायला कुणाला वेळ नव्हता. दुकान आता दुकानदाराच्या भावाच्या नावावर चालू आहे. बाकीच्या चार पोरांपैकी एक भरतीत पळण्यात पहिला आला, पण चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाला आणि तो घरी बसला. मला या तपासासाठी प्रशस्तिपत्र मिळालं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला भाषणाला बोलावणारे लोक विचारतात. व्यसनापासून दूर राहा, असं काहीतरी त्यांना माझ्याकडून हवं असतं. ते सांगणं सोपं आहे. मी त्यांना सांगतो की त्या पाच जणांपैकी एकानेही मजेसाठी सुरुवात केली नव्हती. कुणाचं हाड मोडलं होतं, कुणाची कंबर गेली होती, कुणाला दोन पाळ्या करायच्या होत्या. दुखणं खरं होतं. त्यावर आमच्याकडे बेड्या तेवढ्या होत्या. हे ऐकून सभागृहात चुळबुळ सुरू होते आणि कुणीतरी आभार मानायला उठतं.

निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या वर्षांत माझ्या ठाण्यातून अशा माणसाचा जामीन झाला की मी स्वतः दवाखान्यात फोन करायचो, मग त्याच्या घरी जाऊन आई-बापाला समोर बसवून सांगायचो. त्यातले काही जगले. ते त्या म्हाताऱ्याला सांगायला जावं, असं एकदोनदा मनात आलं. मोटारसायकल काढलीही. पण जाऊन काय सांगणार? की तुमच्या मुलाच्या वेळी मला जो फोन जमला नाही, तो आता जमतो?

त्या प्रकरणाची कागदपत्रं अभिलेखात असतील. त्यात पहिल्याच पानावर, माझ्या अक्षरात, त्या दिवशीची नोंद आहे. एक बाप आपला मुलगा वाचवायला सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसून होता, आणि मी त्याला बातमीदार म्हणून लिहून घेतलं.